भोपळ्यातला चोविसावा

१

चोवीस माणसं भोपळ्यात चढली आणि तेवीस उतरली.

ही बातमी कानावर आली तेव्हा सरिताचा वडापाव तोंडापाशी पोचला होता. तो तिथंच थांबला. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईला असा आकडा ऐकवत नाही. शहापूर-मुरबाड रस्त्यावर तिच्या गाडीत किती माणसं चढली, किती उतरली, मागच्या बाकाखाली किती कोंबड्या बसल्या, हे तिला मान न वळवता कळायचं. एकदा एका नवरीची पेटी भलत्याच गावी उतरली होती, तर नुसतं पेटीच्या दोरीचं वर्णन ऐकून ती कोणाच्या घरात असेल हे तिनं सांगितलं होतं, आणि मुहूर्त टळला नव्हता. तेव्हापासून पंचक्रोशीत काही हरवलं की लोक पोलीस पाटलाच्या आधी सरिताचं दार ठोठावत. पण आजवर पेट्या हरवल्या होत्या, बकऱ्या हरवल्या होत्या. अख्खा माणूस पहिल्यांदाच हरवत होता.

भोपळा हे नाव आवळेपाड्याच्या लोकांनी ठेवलेलं. मुळात ती लाइफबोट. मोडीत निघालेल्या एका प्रवासी जहाजावरची, नारिंगी रंगाची, वरून पूर्ण बंद, बाजूला एकच दार असलेली. पाड्यातलाच रविंद्र वीस वर्षं अशा जहाजांवर खलाशी होता. घरी परतला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा टीव्ही नाहीतर मोटरसायकल आणणार. त्यानं ट्रेलरवर घालून ही बोट आणली आणि उंबरमाळीच्या अलीकडच्या बंद दगडखाणीत साचलेल्या पाण्यात सोडली. समुद्र बघायला जिथून दिवस मोडावा लागतो, तिथं तो डोंगरातल्या पोरापोरींना बुडत्या जहाजावरून प्रवासी कसे उतरवायचे ते शिकवू लागला. आधी गाव हसलं. मग पोरं इंग्रजीत हुकूम सोडायला लागली, तेव्हा गाव गप्प बसून बघू लागलं.

आज पहिल्या तुकडीची परीक्षा होती. खाणीचा कातळ म्हणजे जहाज. भोंगा झाला की पाड्यातल्या चोवीस हौशी लोकांनी प्रवासी व्हायचं, तरंगायची जाकिटं घालायची, रांगेनं बोटीत बसायचं. दार लावून बोट खाणीला एक फेरी मारणार आणि समोरच्या उतारावर माणसं सुखरूप उतरवणार. बोटीची प्रमुख होती अपेक्षा, सरिताच्या बहिणीची मुलगी. दहा दिवसांनी तिला मुंबईहून जहाजावर चढायचं होतं. आजचा कागद हातात पडला तर जहाज, नाही पडला तर तिची जागा दुसऱ्याला. पोरीनं त्यासाठी दोन वर्षं घासली होती, आणि सरितानं आपली हक्काची रजा आजच्यासाठी राखून ठेवली होती.

सगळं कसं झोकात चाललं होतं. ताशा वाजत होता. बोट उताराला लागली, दार उघडलं, जिवलीआजी टुणकन बाहेर आली, आणि तिच्या मागं सकुबाई दारात अडकली. सकुबाई अंगानं भरलेली, वरून जाकीट. आतून तुकडीतला किशोर ढकलतोय, बाहेरून दोघं ओढताहेत, आणि ती स्वतःच हसून हसून आणखी फुगतेय. सगळा गाव पोट धरून हसत होता. त्या गोंधळात सरिता वडापावच्या टोपल्याकडं वळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माणसं मोजली नाहीत, तीही एका वड्यापायी.

उतरणारी माणसं मोजायचा मान कोंडूबाबांचा होता. चाळीस वर्षं त्यांनी गावचं भात मोजलं. पायलीभर चूक कधी झाली नाही. उतरणाऱ्याचं जाकीट हातात घ्यायचं आणि माणसागणिक एक चिंचोका खिशात टाकायचा, अशी त्यांची रीत. शेवटी त्यांनी चिंचोके मुंबईहून परीक्षा घ्यायला आलेल्या लोबो साहेबांच्या तळहातावर ओतले.

"तेवीस," साहेब म्हणाले. "मिस अपेक्षा, बोटीत प्रवासी किती होते?"

"चोवीस, सर."

ताशा थांबला. साहेब जाकिटांच्या ढिगाकडं गेले. सकाळी त्यांच्यासमोर गठ्ठा फोडला तेव्हा जाकिटं चोवीस होती. त्यांनी ढीग दोनदा मोजला.

जाकिटंही तेवीसच होती.

२

चार गड्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उड्या मारल्या. खाणीचं पाणी नितळ, तळ दिसेल असं. त्यांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला आणि एक फुटकं घमेलं वर आणलं. माणूस काही नव्हता.

"हजेरी घ्या की मग," सरिता पुढं होत म्हणाली. "बोटीत कोण कोण होतं, हात वर करा रे!"

छत्तीस हात वर झाले.

रविंद्रनं कपाळावर हात मारला. फेरी मारणाऱ्याला वडापाव आणि वर बुंदीचा लाडू असं त्यानंच जाहीर केलं होतं. आता फेरी न मारलेले बाराजणही छातीठोकपणे सांगत होते की बोटीत आपण खिडकीशी बसलो होतो. चोवीस नावं लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. नावं कशाला, सगळी घरचीच तर माणसं.

लोबो साहेब वसईचे. मराठी अस्सल, पण माणूस शिस्तीचा. त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, जहाज सोडताना आकडा म्हणजे जीव. एक माणूस कमी भरला तर त्याच्यासाठी कुणीतरी परत जळत्या जहाजात शिरतो आणि तोही जातो. म्हणून आकडा जुळला नाही तर बोट सुटलीच नाही असं मी धरतो. एक तर या मुलीनं चढताना चुकीचं मोजलं, नाहीतर माणूस घालवला. दोन्हीत ती नापास."

अपेक्षाची हनुवटी तेवढी हलली. सरितानं ती हनुवटी पाळण्यात असल्यापासून ओळखली होती.

"साहेब, तुमी निघणार किती वाजता?"

"दोनला."

"आता बारा झालेत. तोवर तुमचा चोविसावा माणूस मी शोधून देते. उन्हात उभं राहू नका, वडा खा."

आणि साहेबांनी नाही म्हणायच्या आत तिनं त्यांच्या हातात वडा ठेवला. खाणीच्या काठावर, उतारापासून दहा पावलं वर, वाघोबाचा दगड होता, शेंदरानं माखलेला, वर पळसाची सावली. काम सुरू करण्याआधी तिनं लांबूनच त्याला हात जोडले. वाघोबा आज जरा अंगानं भरलेला दिसत होता. परीक्षेच्या निमित्तानं रविंद्रनं शेंदराचा नवा थर चढवला असावा, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

पाड्यातल्या बायकांना तिनं घरटी विचारलं. सगळ्यांची उत्तरं एकच: आमचं माणूस आमच्याजवळ आहे. कुणाचा नवरा कमी नव्हता, कुणाची सासू कमी नव्हती. एकीला तर सासू कमी असती तरी चाललं असतं, पण तीही समोर बसून शेंगा सोलत होती.

"मावशी," अपेक्षा हळूच म्हणाली, "मी चोवीस मोजले गो. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. खरंच."

"माहीत हाय मला. दार मधे उघडलं होतं?"

"नाय. दारावर किशोर होता."

सरितानं चौफेर बघितलं. रविंद्र होता, साहेब होते, झाडून सगळा पाडा होता. किशोर मात्र कुठंच नव्हता.

३

तो सापडला कातळामागं, करवंदीच्या जाळीआड. शर्ट ओला, तोंड पांढरंफटक, आणि हातातली पिशवी पाठीमागं लपवलेली.

किशोर सापगावचा, तुकडीतला दुसरा हुशार. आणि जहाजाच्या यादीत अपेक्षाच्या खालोखाल त्याचंच नाव होतं. अपेक्षा नापास झाली की दहा दिवसांनी जहाजावर चढणारा हाच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते मनात घोळवत होते.

"पिशवीत काय रे?"

"काय नाय."

"दाखव."

"मावशी, नको."

"अरे, मी एसटीची कंडक्टर. पिशव्यांमधे मी काय काय बघितलंय ते तुला सांगितलं तर तू लग्न करणार नाहीस. दाखव."

त्यानं पिशवी पुढं केली. सरितानं आत डोकावलं आणि लगेच नाक वळवलं. घाटातल्या गाडीत रोज तीन जण तरी भरतात तसलीच ती पिशवी होती.

"मला बोट लागते," किशोर रडकुंडीला येऊन म्हणाला. "खाणीत पण लागते. साहेबांना कळलं तर जहाजावर कोण घेईल मला? कोणाला सांगू नका. शर्टावर उडालं म्हणून धुतला."

सरिताला हसू फुटलं, पण तिनं ते पदराआड ढकललं. "आलं चघळ, लांब बघ, आणि रोज एक फेरी मार. महिन्यात जाईल. आता खरं सांग. दार उघडलं होतं?"

"माझा हात सगळा टाइम कडीवर होता. सोडला असता तर पडलो असतो ना मी. आणि पट्टे मी लावले सगळ्यांचे. चोवीस बकलं. अपेक्षानं चूक नाय केली."

अपेक्षाचा आकडा खोटा ठरण्यात ज्याचा फायदा, तोच तो खरा म्हणून सांगत होता. पोरगं सच्चं होतं. त्याच्या पाठीवर तिनं एक थाप दिली, तसा तो पुन्हा पिशवीकडं धावला.

म्हणजे चोवीस माणसं आत होती हे पक्कं. दार उघडलं नाही हेही पक्कं. तर मग चोविसावा उताराला लागेपर्यंत बोटीतच होता, आणि उतारावर आल्यावर गेला.

"आणखी एक," किशोर तोंड पुसत म्हणाला. "बोटीत संकटातल्या खाण्याची बिस्किटं असतात ना, डब्यात. मी सकाळी सहा पुडे मोजले होते. आता चारच आहेत. रविंद्रदादाला अजून सांगितलं नाय मी. मावशी, बोटीत कोणी लपून तर नाय बसलं?"

४

सरिता बोटीत शिरली. बाकांखाली बघितलं, इंजिनाच्या पेटीमागं बघितलं. कुणी नव्हतं. डब्याशेजारच्या बाकाच्या फटीत मात्र हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता, जिवलीआजीच्या हातात असतात तसल्या. तिनं तो उचलला आणि तिला एकदम मौज वाटायला लागली.

जिवलीआजी पळसाखाली बसली होती. एवढं कडक ऊन, तरी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. सरिता तिच्याशेजारी बसली.

"आजी, थंडी वाजते काय?"

"म्हातारपण गो."

"दोन पुड्यांत किती बिस्किटं असतात?"

आजीनं वाघोबाकडं एक नजर टाकली. मग तिनं पदराखालून चंदेरी कागदाचे दोन पुडे काढून सरिताच्या मांडीवर ठेवले. "रवी म्हणाला, ही बिस्किटं पाच वर्षं टिकतात. मला नाय पटलं. मी म्हटलं, अशी कसली बिस्किटं ती, खाऊन तरी बघू. एक खाल्लं. टिकणारच बाय, खाणार कोण ती?"

दोघी इतक्या हसल्या की चार बायका चौकशीला आल्या. सरितानं त्यांना पिटाळलं.

"म्हणून तुमी पहिल्या उतरलात तर. पुडे घेऊन सटकायला."

"मग काय. मला वाटलं, कोंडू धरील. तो जाकीट घ्यायला उभा. म्हटलं, जाकीट काढताना पुडे पडले तर अब्रू गेली. पण त्यानं काय केलं ठाऊक हाय?" आजीनं आवाज खाली आणला. "माझं जाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि मला हात जोडले. साठ वर्षं मी त्याला ओळखते. माझ्या लग्नात त्यानं मला नमस्कार केला नाय, आणि आज केला. मला वाटलं, पुडे दिसले आणि थट्टा करतोय. मी आपली तिथून पळाले."

"मग त्यांनी चिंचोका टाकला खिशात?"

"मी बघायला थांबले तर ना! मागं सकू अडकली आणि सगळी हसत सुटली."

सरिताचं हसू हळूहळू मावळलं. कोंडूबाबा हात जोडतात? कोणालाच न वाकणारे कोंडूबाबा? तिनं घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात उताराकडून लोबो साहेबांचा आवाज आला.

"मला वाटतं गुन्हेगार सापडला. मोजणारा म्हाताराच चुकला!"

५

वडे खाऊन साहेबांना तरतरी आली होती आणि त्यांनी स्वतःच तपास हाती घेतला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाबांचं वय ऐंशीच्या घरात, नजर अधू, एक चिंचोका राहिला असेल. त्यांनी उरलेल्या वड्यांचं टोपलं बाबांसमोर ठेवलं. "मोजा."

"साहेब, बाबांचा अपमान नका करू," रविंद्र म्हणाला.

कोंडूबाबांना मात्र राग आला नाही. त्यांनी धोतर सावरलं, मांडी घातली आणि एकेक वडा दुसऱ्या टोपल्यात टाकत गेले. "लाभ... दोन... तीन..."

"एक कुठं गेला?" साहेबांनी लगेच पकडलं.

"आमच्याकडं भाताच्या राशीवर एक म्हणत नाहीत, साहेब," अपेक्षानं समजावलं. "लाभ म्हणतात. तोच एक."

बाबा शेवटाला पोचले. "एक्केचाळीस."

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांनी आधी मोजून ठेवलं होतं, एक्केचाळीस. ते गोंधळून पुन्हा चष्मा पुसायला लागले.

सरिता पुढं झाली. "बाबा, बोटीतून उतरलेली माणसं किती?"

"माझ्या मोजणीत तेवीस."

"एवढीच?"

"मोजली ती तेवीस." बाबांनी मान वर केली. डोळे स्वच्छ होते, त्यात खोटं काही नव्हतं. "खोटं सांगत नाय मी."

"आणि न मोजलेलं?"

बाबांनी ओठ मिटले आणि पाण्यात डुलणाऱ्या बोटीकडं बघत राहिले. त्यानंतर कुणी काही विचारलं तरी ते बोलेनात. रविंद्र विनवून थकला. अपेक्षा त्यांच्या पायाशी बसली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड उघडलं नाही. लोक कुजबुजू लागले. म्हाताऱ्याला काय झालं? ज्या पोरीला ते नातीसारखी मानतात, तिचं वाटोळं होताना गप्प कसे?

पावणेदोन वाजले. साहेबांनी गाडीची किल्ली काढली.

सरिता एकटीच बाजूला जाऊन उभी राहिली. कंडक्टरच्या सवयीनं तिचा हात खांद्यावरच्या पिशवीकडं गेला, जी आज नव्हतीच. रोज पहाटे शहापूर डेपोतून गाडी निघाली की पहिलं तिकीट फाडण्याआधी ती यंत्र कपाळाला लावते. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. दिवसाचा पहिला प्रवासी हा तिच्या लेखी नुसता प्रवासी नसतो, देवानं पाठवलेला असतो.

पहिला!

तिच्या डोळ्यांसमोर लहानपणचं आवळेपाड्याचं खळं उभं राहिलं. भाताची नवी रास, राशीपुढं बसलेले तेव्हाचे तरुण कोंडूबाबा. पहिली पायली ते भरायचे, दोन्ही हातांनी उचलायचे, राशीला नमस्कार करायचे आणि पायली बाजूला ठेवायचे. मोजायचे नाहीत. मग दुसरीपासून, लाभ, दोन, तीन. आणि ती पहिली पायली कुणाची हे लहानग्या सरितानं विचारलं होतं, तेव्हा 'रास आधी घरी जाऊ दे' म्हणत आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

तिनं गर्रकन वळून वाघोबाकडं बघितलं. आणि मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना.

६

"साहेब, पाच मिनिटं! रवी, आधी बोट काठाला ओढून घे आणि खुंटाला पक्की बांध."

"बोट कशाला आता?"

"बांध म्हणते ना!"

बोट बांधली. सगळा गाव गोल करून उभा राहिला. सरितानं गाडी सुटताना करतात तसा घसा साफ केला.

"चढताना चोवीस होते. हे अपेक्षा सांगते आणि किशोर सांगतो, आणि किशोरला खोटं सांगून फायदा झाला असता तरी तो खरं सांगतो. दार मधे उघडलं नाही. पाण्यात कोणी नाही. कोणाच्या घरचं माणूस कमी नाही. म्हणजे चोवीसच्या चोवीस इथं उतारावर उतरली. माणूस हरवलाच नाही, साहेब. हरवलंय ते फक्त एक जाकीट आणि एक चिंचोका. कोंडूबाबा मोजायला चुकत नाहीत, ते तुमी वड्यांवर बघितलं. मग एक माणूस त्यांनी चुकून नाही, जाणूनबुजून मोजला नाही."

गावात हूं असा आवाज उठला.

"सगळ्यात आधी उतरली जिवलीआजी. तिला बाबांनी हात जोडले. तिचं जाकीट दोन्ही हातांनी घेतलं. तेवढ्यात सकुबाई दारात अडकली आणि तुमी सगळे तिच्याकडं बघून हसत होतात. मी वड्याकडं बघत होते. बाबांना दहा पावलं वर जाऊन यायला तेवढा वेळ पुरला." ती कोंडूबाबांकडं वळली. तिचा आवाज मऊ झाला. "बाबा, रास आता घरी आली. बोट खुंटाला बांधली. आता बोललं तर चालतंय ना?"

बांधलेल्या दोराकडं बाबांनी नीट बघितलं, मग खोल श्वास सोडला. "आता चालतंय. कवापासून वाट बघतोय मी. देवाचा वाटा काढला की रास घरी जाईपर्यंत बोलायचं नसतं. बोललं की बरकत जाते. तुमी सगळी मला विचारत बसलात आणि बोट कोणी बांधीना!"

"पण तो वाटा आहे कुठं?" साहेब कळवळून म्हणाले.

सरितानं हातानं वर दाखवलं. पळसाखालचा वाघोबा शेंदरी, आणि त्याच्या अंगावर तितकंच शेंदरी जाकीट, पुढून पट्टा व्यवस्थित लावलेला. दोन तास दोनशे माणसं त्याच्यासमोर फिरली, निम्म्यांनी नमस्कारही केला, आणि कुणाला काही दिसलं नाही. सकुबाई जी हसायला लागली, तिला पाणी द्यावं लागलं.

लोबो साहेब वर गेले. त्यांनी जाकीट बघितलं, पट्टा बघितला, आणि नकळत टोपी काढली. मग खाली येऊन बाबांसमोर उभे राहिले. "पण बाबा, माणसांत कसला देवाचा वाटा?"

"साहेब, नवी बोट, नवं काम, पहिली रास," कोंडूबाबा म्हणाले. "ही पोर लांब जाणार, पाण्यावर. तिथं आपलं कोणी नाय. म्हटलं, हिच्या बोटीतला पहिला माणूस वाघोबाच्या पदरात घालावा. म्हणजे पुढची सगळी तो राखील. माझ्या हातानं तिचं वाईट होईल असं मला वाटलंच नाय."

अपेक्षाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ती बाबांच्या गळ्यातच पडली.

दोन वाजून गेले होते. साहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि करड्या आवाजात विचारलं, "मिस अपेक्षा. आज चूक कोणाची?"

तिनं डोळे पुसले, ताठ उभी राहिली.

"माझी, सर. चढताना मी मोजले, पण उतरताना मोजायचं काम मी दुसऱ्याला दिलं. बाबांचा मान होता, तरी आकडा मी पण ठेवायला पाहिजे होता. बोट माझी होती."

साहेबांनी कागद काढला, बोटीच्या पाठीवर ठेवला आणि सही ठोकली. "असं उत्तर पुस्तकात नसतं. उतरले, चोवीस. पास."

पुढं ताशेवाल्यानं काय वाजवलं हे त्यालाही आठवत नाही. लोबो साहेब दोनला निघणार होते ते पाचला निघाले, आणि जाताना जिवलीआजीनं त्यांना संकटातल्या बिस्किटांचा एक पुडा आग्रहानं दिला.

दोन महिन्यांनी सरिता सुट्टीच्या दिवशी कोंडूबाबांना भेटायला आवळेपाड्यावर गेली. ते वाघोबापाशीच बसले होते. तिनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. अपेक्षाचा आवाज होता, मागं समुद्राचा मोठा घोंगाट.

"बाबा, आज आमच्या जहाजावर सराव झाला. माझ्या बोटीला नव्वद माणसं. पहिली एक म्हातारी बाई आली. मी तिला हात जोडले. तिला काय कळलं नाय, पण तिनं पण जोडले. मग मी तिच्यापासून मोजायला लागले. चढताना नव्वद, उतरताना नव्वद!"

बाबांनी तो निरोप तीनदा ऐकला. मग विचारात पडले.

"पहिलीला पण मोजलं तिनं?"

"मोजलं, बाबा. तिकडं मोजावंच लागतं."

"बरोबर केलं." बाबांनी मान डोलावली. "वाटा इथं दिलेला हाय, तोच पुरंल."

वाघोबाच्या अंगावरचं जाकीट उन्हानं थोडं विटलं होतं. रविंद्रनं नवं आणलं होतं, पण हे काढायला कुणी धजावत नव्हतं. सरितानं पट्टा जरा सारखा केला. "बाबा, आता हे काढू या का? दोन महिने झाले."

"काढू नको गो," कोंडूबाबा म्हणाले. "पोरीसंगं रोज पाण्यावर जातोय तो. आणि पोहता कुठं येतंय त्याला?"